टॅब बंद करू नये

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून स्वातंत्र्य. कोड लिहिण्याचं, डिझाइनचं, बॅकअपचं, सगळी पैसे भरून घेतलेली सबस्क्रिप्शन्स रद्द. एका साइटने स्क्रीनवर रडका चेहरा दाखवून विचारलं, खरंच चाललात? बधलो नाही. हल्ली सगळं ब्राउझरमध्ये फुकट मिळतं, फक्त शोधायची नजर लागते. ती माझ्याकडे आहे.
बायको म्हणाली, बॅकअपचं तरी राहू द्यायचं होतंस. तिला यातलं फारसं कळत नाही. (ती एका मोठ्या कंपनीचे सर्व्हर सांभाळते, पण ते वेगळं.)

४ फेब्रुवारी
ताईच्या वेबसाइटला सुरुवात. ताई फिजिओथेरपिस्ट. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे वाकवले, आता नोकरी सोडून स्वतःचं क्लिनिक काढते आहे. एक मार्चला उघडणार. पेशंटांनी घरबसल्या वेळ घ्यावी अशी साइट हवी. काम ती दुसऱ्या कोणाला देणार होती; आई मध्ये पडली. (आईला मीच पाडलं, पण तो तपशील.)
ताई म्हणाली, बघ हं, रिसेप्शनला माणूस ठेवायची ऐपत नाही, सगळी भिस्त तुझ्या साइटवर आहे. मी म्हटलं, तू डोळे मिटून राहा. म्हणाली, तीच तर भीती वाटते.

७ फेब्रुवारी
एडिटर सापडला! अकाउंट नको, लॉगिन नको, थेट टॅबमध्ये कोड लिहा. काम याच ब्राउझरमध्ये साठतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय की ब्राउझर साफ केला तर कामही जाईल. कोण कशाला साफ करतंय!
तरी बॅकअप घेणे. रविवारी.

९ फेब्रुवारी, रविवार
रविवार विश्रांतीसाठी असतो.

१२ फेब्रुवारी
अपॉइंटमेंटचा फॉर्म तयार. फुकट, पण महिन्याला दहाच नोंदी. ताईने विचारलं, अकराव्याला काय सांगू? कंबर पुढच्या महिन्यात धरू दे? मी धीर दिला, अगं, दहा तरी कुठे येणार आहेत. तिने फोन ठेवला. शब्द जरा चुकले असावेत.
फॉर्मशेजारी जाहिरात येते: एका आठवड्यात दुप्पट वजन उचला. त्याने पेशंट वाढतीलच.

१५ फेब्रुवारी
साइट चालवून बघायचं टूलही मिळालं; लिंक कुणीही उघडली तरी साइट माझ्याच टॅबमधून दिसते. एकच खोड. थोडा वेळ हात लावला नाही की ते झोपतं आणि मग आपल्याला रांगेत उभं करतं. म्हणून माउस हलवत राहायचा. अंघोळीच्या वेळी बायकोला बसवलं. म्हणाली, पोरीच्या पाळण्याची दोरीसुद्धा एवढी ओढली नव्हती मी.
लॅपटॉपचं झाकणही लावायचं नाही. दूध आणायला गेलो तेव्हा तो उघडाच, तबकासारखा दोन्ही हातांवर. जिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, काय वाटताय?

१८ फेब्रुवारी
बायको आणि मुलगी मेव्हणीकडे गेल्या दोन दिवस. मी नाही. माझ्यावाचून इथे अडतं. खिडकीतून खाली बघितलं. माणसं नुसतीच चालत होती, हात मोकळे.
ताईचा फोन. साइटचं विचारलं नाही. जेवलास का, म्हणाली. मग म्हणाली, पहाटे चारलाच जाग येते रे, नोकरी सोडून चुकले तर नाही ना मी? काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तेवढ्यात एक टॅब झोपायला निघाला. साइट एक नंबर होतेय म्हणालो आणि फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी, रविवार
बॅकअपचं फुकट टूल मिळालं. ते बसवायला ब्राउझर बंद करून उघडावा लागतो. म्हणजे सगळे टॅब मिटणार. असला धोका पत्करणं बरं नव्हे.

२७ फेब्रुवारी, दुपार
साइट पूर्ण! ताईला लिंक पाठवली. तिच्या लॅपटॉपवर जुनाच रंग दिसतो म्हणाली. हे तर रोजचं दुखणं, पहिलं औषध ठरलेलं: ब्राउझर साफ कर. फोनवर एकेक पायरी सांगितली. तिला सोपं जावं म्हणून माझ्या मशीनवरही सोबत करत गेलो. सेटिंग्ज. हिस्ट्री. सगळ्यांवर खूण. साफ करा. दोघांनी एकदमच दाबलं.
ताई म्हणाली, अरे वा, आला नवा रंग! मग म्हणाली, आता सगळं पांढरं झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
शांत आहे. कोड डोक्यात आहेच. बायकोने स्क्रीन बघितली, खांद्यावर हात ठेवला. बॅकअप, एवढंच विचारलं. रविवारी, म्हणालो. कुठल्या, म्हणाली.

२८ फेब्रुवारी
बॅकअपचं जुनं सबस्क्रिप्शन पुन्हा घेतलं. त्यांनी सगळं जपून ठेवलं होतं, दोन फेब्रुवारीपर्यंतचं. ताईचं काम चार तारखेला सुरू झालं.
क्लिनिकवर जाऊन सांगितलं. ती स्टुलावर उभी राहून पडदे लावत होती. खाली उतरली, पेशंटच्या पलंगावर बसली. म्हणाली, उद्या फोन वाजेल आणि माझे दोन्ही हात कोणाच्या तरी गुडघ्यावर असतील. ओरडली असती तर बरं झालं असतं. एक पडदा मी लावला. वाकडा. तिने सरळ केला आणि म्हणाली, उद्या आठला ये.

१ मार्च
क्लिनिक उघडलं. दाराजवळच्या टेबलाशी मी. फोन घेतो, वेळ देतो, आत कोण, बाहेर कोण ते बघतो. एका आजींना ताईने ओळख करून दिली, हा माझा भाऊ, आमची वेबसाइट. आजींनी मला नीट न्याहाळलं. बोलते का, म्हणाल्या. ताई म्हणाली, बोलते, पण विश्वास ठेवू नका. आणि हसली. कितीतरी दिवसांनी.
ही सोय अर्थातच तात्पुरती. नवी साइट पंधरा दिवसांत देतो म्हटलं. ताई म्हणाली, सावकाश कर, घाई नाही.
दुपारी विचारलं, जेवून येऊ का?
म्हणाली, आणि फोन?