फोरमन ऑर्विल टॅकेट

३ मार्च
कोर्टाचं बोलावणं आलं. ग्रँड ज्युरी. म्हणजे कुणावर खटला भरायचा आणि कुणाला घरी पाठवायचं, हे ठरवणारे बारा जण. टेक्सासने उशिरा का होईना, मला ओळखलं. बोलावणं नॅडीनलाही आहे. माझी बायको म्हणून आलं असावं.

५ मार्च
ग्रँड ज्युरीचं काम गुप्त असतं. तेव्हा आजपासून तोंड बंद. फक्त न्हाव्याला सांगितलं.

६ मार्च
चर्चमध्ये सगळ्यांना माहीत. न्हावी फार बोलका आहे. शेजारचा बॉयड म्हणाला, "ऑर्विल, तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." जळतो.

९ मार्च
आरशासमोर गंभीर चेहऱ्याचा सराव. फोरमनला, म्हणजे ज्युरीच्या प्रमुखाला, तो लागतो. नॅडीनने विचारलं, दाढ दुखतेय का. ती स्वतः काहीच तयारी करत नाही, स्वेटर विणत बसते. तिला म्हटलं, जजबाईंनी काही विचारलं तर माझ्याकडे बघ.

११ मार्च, संध्याकाळ
निवड झाली. क्रमाने लिहितो.
इथलेच रहिवासी? हो. कधी शिक्षा? नाही. इथवर मी आघाडीवर. मग जजबाईंनी विचारलं, एखाद्या प्रकरणात कुणाचं मत आधीच बनलंय का? माझा एकट्याचाच हात वर.
"कोणत्या प्रकरणात, मिस्टर टॅकेट?"
"सगळ्याच. पोलीस उगाच कुणाला धरत नाहीत."
"मग ज्युरी कशाला हवी?"
म्हटलं, काम लवकर उरकायला.
पुढे विचारलं, गुपित पाळाल? मी हो म्हणताच मागची अख्खी रांग हसली. तिथे न्हावी बसला होता.
मला आभार मानून मोकळं केलं. फार अनुभवी माणसं त्यांना चालत नाहीत.
मग जजबाईंनी नॅडीनला विचारलं, सगळं ऐकून घेईपर्यंत मत राखून ठेवता येईल? ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून तेच करतेय." घेतली. वर फोरमनही केली.

१२ मार्च
झालं ते बरंच. घरात बसून सगळी प्रकरणं कळतील. तिला सल्लाही देता येईल.

१८ मार्च, दुपार
कोर्टाबाहेर गाडीत बसलोय. नॅडीनला न्यायला आलो. नवा टाय घातलाय.

तोच दिवस, नंतर
पहिल्या सिग्नलला थांबल्यावर हळूच विचारलं, किती जण अडकले? ती म्हणाली, "सिग्नल हिरवा झालाय, ऑर्विल."
निघालो.