समूहगीत म्हणून दिलेलं गाणं

सर, येत्या रविवारी अकोल्यात आमचं गाणं पुन्हा वाजणार आहे. आमच्या ड्रमरने काल फोन करून तसं पक्कं सांगितलं. तिथल्या काही पोरांना आमची जुनी कॅसेट मिळाली. वऱ्हाडातला पहिला पंक बँड म्हणून ते आम्हाला बोलावताहेत, आणि बँडची हकिगत मी लिहून वाचायची आहे. मजकूर आज संध्याकाळी हवा. वर्तमानपत्रात इतकी वर्षं वेळेत मजकूर दिले. हा सरकत नाही.

तुम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचात, दर वर्षी नवी नेमणूक. अमरावतीच्या त्या कॉलेजात रविवारी आमच्यासाठी वर्ग उघडायला दुसरं कोणी तयार नव्हतं. लग्नाच्या बँडकडून आणलेला ड्रम, नागपूरची जुनी गिटार, आणि ओरडायला मी. तुम्ही शेवटच्या बाकावर पेपर तपासत बसलेले. एकदा मान वर न करता विचारलंत, "हे गाणं आहे का भांडण?" ड्रमर म्हणाला, "दोन्ही, सर." "मंग भांडण तरी नीट ऐकू येऊ द्या बाप्पा. शब्द कायले खाता?" त्या दिवसापासून मी शब्द खाणं सोडलं. सहा महिन्यांत अकोल्याहून बोलावणं आलं. वलगावच्या गणपती मंडळाने दुसरं गाणं सुरू होताच माईकची वायर काढली, तो आम्हाला मान वाटला.

आपल्या गॅदरिंगला प्रत्येक गाणं आधी लिहून द्यावं लागे, खाली तुमची सही. आम्ही देशभक्तीचं समूहगीत दिलं आणि स्टेजवर संस्थेच्या अध्यक्षांसमोर दुसरंच म्हटलं. वर्गातल्या प्रत्येक पंख्यावर त्यांचं नाव रंगवलेलं, आणि दुपारभर लाईट नाही. 'पंख्यावर तुमचं नाव, वारा काहून नाही?' मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. त्यानंतर आयुष्यात मला कोणी तसं ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर आम्हाला काढून टाकायचं पत्र टाईप होऊन पडलं आहे. तुम्ही पुढे होऊन म्हणता, "पोरायनं मले विचारूनच गाणं बदललं. मीच हो म्हटलं." प्राचार्य मला विचारतात, खरं का? मी हो म्हणतो. जिन्यात ड्रमर माझी कॉलर धरतो. "सरची नोकरी चालली बे. चाल, वापस जाऊन खरं सांगू." परीक्षा दोन महिन्यांवर आली आहे, असं मी म्हणतो. तो एकटाच वर गेला. सरांची परवानगी होती हे तुझ्या मित्राने कबूल केलंय, असं प्राचार्यांकडून ऐकून परत आला. आम्ही पुन्हा एकत्र वाजवलं नाही.

जूनमध्ये तुमची नेमणूक झाली नाही. दर्यापूरला शिकवण्या घ्यायला तुम्ही जीपने जाऊ-येऊ लागलात. तिसऱ्या वर्षी तुमच्या निधनाची बातमी माझ्याच टेबलावर आली. मी तिच्या चार ओळी केल्या. 'माजी प्राध्यापक' असं लिहिलं.

रविवारी तुमची मुलगीही येणार आहे. तुम्ही पोरांच्या नादी लागून नोकरी घालवलीत, असंच ती आजवर समजते. 'सरांनी परवानगी दिली होती' हे वाक्य मी दोनदा खोडलं, दोनदा परत लिहिलं. ड्रमरने फोन ठेवताना बजावलं होतं, "तू वाच. तुयं झालं की मी माईक घेतो."

मजकूर पाठवला, सर. वाक्य त्यात आहे. माझ्यानंतर तो खरं बोलेल, या भरवशावरच मी ते राहू दिलं.