सेलिकाचा आवाज

सिडको, छत्रपती संभाजीनगर
रविवार, दुपार

प्रिय वैदू,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळं ठीक आहे. तुझी आई विचारत होती की लेकीशी फोनवर बोलायला तोंड दुखतं का. तोंड नाही दुखत, पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. मागं हातोडी चालू असते आणि माझं अर्धं वाक्य झालं की तू ओरडून सांगतेस, "आप्पा, बाबा असं म्हणताहेत." मग माझ्या व्याह्यांचं, आप्पासाहेबांचं मत येतं आणि माझं मत तिथंच आडवं होतं. म्हणून हे पत्र, आणि तेही करमाडच्या घरी न पाठवता तुझ्या शेंद्र्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर. जेवणाच्या सुट्टीत एकटी बसून वाच.

आधी एक मान्य करून टाकतो, म्हणजे मध्येच तुला ते म्हणावं लागणार नाही. मी जळतो. तुझ्या सासऱ्यांवर जळतो. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही असं तुझी आई म्हणते. शोभत नाहीच, पण जळणारा माणूस आरशात बघून जळत नाही. लग्नानंतर पोरगी नवऱ्याच्या मागं जाते हे मनाला समजावून ठेवलं होतं. सुदर्शनराव तर बिचारे रविवारी दुपारी झोपतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पोरगी सासऱ्याच्या मागं जुनी गाडी दुरुस्त करायला गोदामात शिरेल आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळी होऊन बाहेर येईल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि गाडी तरी कुठली? हर्सूलच्या डॉक्टरांची ती लाल सेलिका. परदेशातून परतताना त्यांनी आणलेली, पुढं कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी. तुला स्कूटरवर पुढं उभी करून मी तिथं न्यायचो, आठवतं का? ताडपत्रीचा कोपरा उचलून दाखवायचो की बघ, इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना, मधे हा लांबच लांब शाफ्ट. तू खाली वाकून बघायचीस आणि फ्रॉकला माती लागली म्हणून घरी मला बोलणी बसायची. ती गाडी मी आधी पाहिली होती. आप्पासाहेबांनी नंतर पाहिली आणि घेऊनच टाकली. आता गोदामात बसून तुला ते सांगतात की सूनबाई, हिचा जोर मागच्या चाकांना असतो बरं का. आणि तू म्हणतेस, हो का आप्पा!

मी चिकलठाण्याच्या कारखान्यात उभी हयात गिअरचे दात तपासले. माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय शाफ्टचा जोर चाकांकडं वळवणाऱ्या क्राऊन-पिनियन या दातेरी चक्रांची एक जोडी दाराबाहेर पडली नाही. खंडेनवमीला तुला आत न्यायचो तेव्हा झेंडूच्या हारातून बोट घालून तू दात मोजत बसायचीस. आणि आज माझी इंजिनियर पोरगी क्राऊन-पिनियन कसं बसवायचं हे मोसंबीच्या बागायतदाराला विचारते! पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

कामात मात्र मी खोट काढणार नाही. क्लच बदललात ते बरं केलंत, जुन्या प्लेटीवर नुसते रिव्हेट उरले होते. गिअरबॉक्सही झकास झालाय, तिसऱ्याला पूर्वी किरकिरायचा तो आता लोण्यासारखा पडतो. शाफ्टच्या सांध्यांचे क्रॉस नवे घातलेत. मागच्या चाकांमधला जुना गोळा, डिफरन्शियल, काढून तिथं जपानहून मागवलेला नवा, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारा, बसवायचा ही कल्पना तुझी होती हे मला सुदर्शनरावांनी सांगितलं. ऐकून छाती फुगली. पण ते तू मला आधी का नाही सांगितलंस, हा विचार लगेच मागून आलाच.

मग त्या शेंदराचा घोळ झाला. तुम्ही फोन केलात तेव्हा मी सांगितलं होतं की पिनियन बसवलं की क्राऊनच्या दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावा, हातानं फिरवा आणि खूण दाताच्या मध्यावर उमटते का बघा. खूण कडेला गेली तर शिम, म्हणजे मागची पातळ चकती, बदला, आधीची खूण पुसा, शेंदूर पुन्हा लावा. आमच्या कारखान्यात जुने फिटर असंच करायचे. स्पीकरवरून आप्पासाहेबांचा आवाज आला, "शेंदूर लागला का तिथं मारुती बसला, लक्ष्मणराव. त्याला डिझेलच्या चिंधीनं पुसायचं? नाय, ते आपल्याच्यानं व्हायचं नाय." मला हसू आलं. मग मी निळ्या मार्किंगची ट्यूब आणतो म्हणालो, तर तू म्हणालीस, "राहू द्या बाबा, आप्पा कानानं सांगतात." आणि पंचक्रोशीत त्यांची ख्याती आहेच. बांधावर बसून ते सांगत, कुणाच्या ट्रॅक्टरचं कुठलं बेअरिंग गेलंय. खूण न बघताच तुम्ही गोळा बंद केलात आणि मी फोन ठेवून दिला. त्या दिवशी माझ्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या, त्या रात्रीच्या ताकानंही उतरल्या नाहीत.

पुढं तू पहिल्या फेरीचा व्हिडिओ पाठवलास. गाडी जालना रोडला लागली, आप्पासाहेबांनी ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि मागून आवाज आला. एका सुरात, लांब, घरातल्या शिट्टी अडकलेल्या कुकरसारखा. मी लगेच तुला कळवलं की पिनियन नीट बसलेलं नाही, उघडा. तू उत्तर दिलंस, "आप्पा म्हणतात गाडी एकदम मख्खन आहे. बाबा, जळताय ना?" खाली हसरे चेहरे. वैदू, त्या वेळी मी जळतही होतो आणि खरंही बोलत होतो. माणूस एका वेळी दोन्ही करू शकतो. पण तू त्यातलं एकच उचललंस.

बुधवारी तू ड्यूटीवर असताना मी करमाडला गेलो. तुझ्या आईनं दिलेलं मेतकूट पोचवायला, असं कारण सांगितलं. खरं म्हणजे व्याह्यांना त्यांची चूक तोंडावर दाखवायची होती आणि त्यांचं तोंड कसं पडतं ते डोळे भरून बघायचं होतं. त्यांनी मोठ्या प्रेमानं गाडीत बसवलं, मी डावीकडं, ते चालवायला. गाडीनं वेग घेतला, त्यांनी पाय काढला आणि तो आवाज असा आला की माझ्या दाढा झिणझिणल्या. मी म्हणालो, आप्पासाहेब, हे ऐकताय ना? ते समोर बघून हसत होते. पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, "व्हय व्हय, यंदा मोसंबी लई चांगली आहे."

मग त्यांनी गाडी थांबवली. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवर त्यांनी स्वतःच माझ्याकडं बघितलं. मी नुसतं बोटानं गाडीकडं दाखवलं. तेवढ्यानं त्यांना कळलं. डावा कान दोन वर्षांखालीच गेला, म्हणाले, आणि उजव्यात आता पाणी भरल्यासारखं वाटतं. घरात कुणाला पत्ता नाही. तुझ्या सासूबाईंना वाटतं की म्हातारा मुद्दाम दुर्लक्ष करतो. गोदामात तू उजवीकडं उभी राहून बोलतेस म्हणून निभतं. ती जागाही त्यांनीच तुला हळूहळू लावली आहे, स्टूल तिकडं सरकवून. मग कपाची बशी फिरवत ते म्हणाले, "सूनबाईला सांगू नका. ती मायेनं म्हणल, तुम्ही बसा आप्पा, मी बघते. मग माझ्याकडं रविवारचं काय राहिलं हो?"

मी त्यांना शब्द दिला. दिला तेव्हा खरंच पाळायचा होता. वाईट सांगू का? परतताना बसमध्ये मला वाटलं की चला, आता बाजी आपली. एक वाक्य तुझ्या कानावर घातलं की पुढचा प्रत्येक आवाज तू मला विचारशील. मुकुंदवाडी येईपर्यंत मी त्या वाक्याची जुळवाजुळव करत होतो. घरी आलो तर तुझ्या आईनं सांगितलं की तुझा फोन होता. आज नाही, पुढच्या रविवारी तू आणि आप्पासाहेब गाडी कन्नडच्या घाटात नेणार. घाट उतरताना पाय ॲक्सिलरेटरवर नसतो, वैदू. सगळा भार दाताच्या ज्या अंगावर येतो, तेच अंग तुमच्या गाडीत ओरडतंय. एक दात तुटला आणि मागची चाकं जाम झाली, तर त्या वळणांवर पुढं काय, ते मला लिहवत नाही.

म्हणून शब्द मोडून हे लिहितोय. घाट रद्द कर, गोळा उघड. पण आप्पासाहेबांना त्यांच्या कानाबद्दल एक अक्षर बोलू नकोस. मला आवाज येतोय, असं तू स्वतःचं म्हणून सांग. तुला तो पहिल्या दिवसापासून येतोय हे मला ठाऊक आहे, तुझा कान मी ओळखतो. स्वतःच्या कानापेक्षा तुला त्यांचा शब्द मोठा वाटला, आणि खरं सांगू, त्या एका गोष्टीवर मी सगळ्यांत जास्त जळलो. निळी ट्यूब घेऊन मी त्या रविवारी सकाळी येतो, त्यात मारुती बसत नाही. तुला वाटलं तर तूच मला बोलावलंस असं दाखव, नाहीतर मेतकुटाचा डबा न्यायला आलो म्हणेन. शिम किती जाड घ्यायची ते त्यांनाच ठरवू दे, मी फक्त मान हलवेन. पुढं कधी सवडीनं, गोडीगुलाबीनं, त्यांना कानाच्या डॉक्टरकडंही ने, पण ते त्यांच्याच तोंडून निघू दे. आणि काही झालं तरी "तुम्ही बसा, मी बघते" असं त्यांना म्हणू नकोस. दिवाळीत मी मिक्सर उघडून बसलो होतो तेव्हा तू ते मला म्हणालीस, माझ्या हातातला पाना काढून घेतलास, किती मायेनं. मी बसलो. अजून बसलोय.

तुझाच,
बाबा