आंट लेमीला थांबायचं होतं

११ फेब्रुवारी २०२५

“जिथून कुणी ऊठ म्हणत नाही, ते घर.”

आप्पा हे म्हणाले तेव्हा मी दुसरीत असेन. सोलापूरला आमच्या पहिल्या पक्क्या घराची भिंत अजून ओली होती. तिला तळहात लावून उभे होते. घर म्हणजे दोन खोल्या. पण कैकाड्याच्या पोराने बांधलेल्या.

आज आंट लेमीच्या ट्रेलरच्या, म्हणजे तिच्या चाकांवरच्या घराच्या, दारात कौन्सिलचा माणूस उभा होता आणि हेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं. माणूस वाईट नव्हता. बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून पायरीवरूनच बोलत होता. “मिसेस ग्रे, कोर्टाची तारीख अठरा मार्च आहे. त्याआधी तुम्ही स्वतःहून हललात तर सगळ्यांनाच सोपं.” लेमी म्हणाली, “बाळा, सगळ्यांना सोपं जावं म्हणून जन्मभर हलतेच आहे. चहा घेणार?” त्याने घेतला नाही.

शेत तिचंच. नवऱ्याने मरायच्या आधी घेतलेलं. केंब्रिजच्या उत्तरेला, त्या काळ्या सपाट मुलखात, एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला. स्वतःच्या शेतात घोडा बांधता येतो, ट्रेलर लावून राहता येत नाही. त्याला परवानगी लागते आणि ती मिळालेली नाही. लेमी रोमानी जिप्सी — जन्म गाडीत, बाळंतपणं गाडीत. आता ऐंशी उलटलीत, फुप्फुसं संपत आलीत. उन्हाळा बघेल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तिला एकच हवंय. मरण या ट्रेलरमध्ये यावं, या मातीवर.

आमच्या छोट्या संस्थेचं काम — तिचं म्हणणं कोर्टापुढे नीट मांडणं. म्हणजे माझं काम.

१३ फेब्रुवारी

ईरा ब्रेकफास्ट करताना: “आई, तुझा ती आजी जिंकणार का?” चौदा वर्षांची झाली, मराठीतलं लिंग अजून हाती लागत नाही. मी म्हटलं, प्रयत्न चालू आहे. “म्हणजे नाही,” ती म्हणाली आणि टोस्टला लोणी लावत बसली.

२० फेब्रुवारी

कौन्सिलने लेमीला फ्लॅट देऊ केलाय. तो बघायला गेलो — ती, तिची मुलगी रोझाना आणि मी. तळमजला, सेंट्रल हीटिंग, नवं कार्पेट. कौन्सिलच्या हाउसिंग खात्यातली मुलगी फार मनापासून दाखवत होती. लेमी दारातच थांबली, वर बघितलं.

“वर कोण राहतं?”

“एक कुटुंब आहे. शांत आहेत हं अगदी.”

“म्हणजे माझ्या डोक्यावर परक्यांचे पाय.”

मग तिने स्वयंपाकघराची भिंत ठोकून पाहिली. पलीकडे संडास. रोझानाने डोळे मिटले. त्यांच्यात चूल आणि संडास एका छपराखाली चालत नाही. हात धुवायचं भांडं वेगळं, कपबश्या धुवायचं वेगळं. चुकून एकाचं दुसऱ्यात गेलं तर भांडं फेकून देतात. मोकाडी म्हणतात त्याला — विटाळलेलं. हाउसिंगची मुलगी म्हणाली, “पण भिंतीला टाइल्स आहेत.”

परत ट्रेलरवर आलो. सोनेरी काठाच्या कपात चहा. तिच्या बोलण्यात पानी येतं, नाक येतं, कान येतो. मी म्हटलं, आमच्याकडेही हेच शब्द आहेत.

“ठाऊक आहे. प्रोफेसर लोक येऊन सांगून गेलेत. आम्ही म्हणे तुमच्याकडचे. मग इतक्या वर्षांत तिकडून कुणी न्यायला कसं आलं नाही?”

“आली ना ही,” रोझाना म्हणाली. “बसने आली, म्हणून उशीर.”

लेमी हसली आणि मग खोकत राहिली, बराच वेळ. रोझाना पाठ चोळत होती. श्वास खाली बसल्यावर मी विचारलं, जजला तुमच्या वतीने काय सांगू? ती खिडकीबाहेर घोड्याकडे बघत म्हणाली, “आय वॉन्ट टु स्टॉप हिअर. दॅट्स ऑल.” मला इथं थांबायचंय. बस.

२७ फेब्रुवारी

तिचं निवेदन लिहून झालं. खूप दिवसांनी काहीतरी बरं लिहिल्यासारखं वाटलं. शेवटचं वाक्य जमलंय: जन्मभर जिला प्रत्येक जागेवरून उठवलं गेलं, त्या मिसेस ग्रे यांना आयुष्याच्या शेवटी आता सेटल व्हायचं आहे.

लेमीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिला धाप लागलेली, डोळे मिटलेले. शेवटी म्हणाली, “छान वाजतं.” सही म्हणून फुली केली. राजला पाठवलं. तो आमचा वकील, लेस्टरचा, एका वेळी फार केसेस ओढतो. त्याचं उत्तर: सुंदर. शेवटचं वाक्य तर फारच.

लिहिताना मलाही ते आवडलं होतं. आप्पांची ओली भिंत डोळ्यापुढे होती.

२ मार्च

कॅमडेनला, बाबासाहेब शिकताना राहिले त्या घरी, आमच्या मंडळाचा कार्यक्रम. नंतर श्रद्धाबरोबर सामोसे. ती नागपूरची, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मनाने खरंच चांगली. काय करतेस सध्या विचारलं, सांगितलं. “जिप्सींसाठी? अगं, इथे आमच्या गावाबाहेर येऊन राहिले होते, जाताना कचऱ्याचा डोंगर. मुलांना शाळेत घालत नाहीत. आपण नाही का शिकलो? आपल्याला कोण ट्रेलर देत होतं?”

त्याच खोलीत आम्ही तासापूर्वी हात जोडून उभ्या होतो. बोलायला हवं होतं. मी चटणी मागितली.

१८ मार्च

हरलो.

नीट लिहायला हवं. तोंडाने कुणाला सांगणार नाही, निदान इथे तरी.

आमचा सगळा मुद्दा एकाच गोष्टीवर उभा होता. फिरस्त्या रिवाजात वाढलेल्या माणसाला चार भिंती हे घर होऊ शकत नाही, म्हणून फ्लॅट हा योग्य पर्याय नव्हे, म्हणून तिला शेतावरून काढू नये. राज चांगला बोलला. भिंतीपलीकडचा संडास, डोक्यावरचे पाय, फुप्फुसं. जजबाई लिहून घेत होत्या. क्षणभर वाटलंही.

मग कौन्सिलच्या वकिलाने माझा कागद उचलला. आवाज चढवला नाही. शेवटचं वाक्य वाचलं. ‘सेटल’वर थोडा थांबला. “मिसेस ग्रे यांच्या स्वतःच्या सल्लागारांच्या मते त्यांना सेटल व्हायचं आहे. आम्ही त्यांना नेमकं तेच देत आहोत. तळमजल्यावर. हीटिंगसह.”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

लेमी ऑक्सिजनच्या नळीसकट पहिल्या बाकावर होती. तिने मान वळवून रोझानाला विचारलं — कुजबुजण्याइतका श्वास नाही तिच्यात, सगळ्यांना ऐकू गेलं — “मी असं म्हणाले?”

रोझानाने माझ्याकडे बघितलं.

जजबाईंनी निकालात तो शब्द वापरला. चार आठवड्यांत शेत मोकळं करायचं. त्यानंतर तिथे एकही ट्रेलर उभा राहता कामा नये, कुणाचाही.

बाहेर राज म्हणाला, “मीही वाचलं होतं. माझ्याही लक्षात आलं नाही.” मग म्हणाला, “एका शब्दावर कुणी केस हरत नसतं.” तो फार वाईट खोटं बोलतो.

१९ मार्च

ती स्टॉप म्हणाली होती. स्टॉप. थांबणारा उठून पुढे जाऊ शकतो. घोडा थांबतो. त्यांच्यात सेटल झालेले म्हणजे आपण — भिंतीतली माणसं. तिने सांगितलेला शब्द सरळ होता. मी तो काढून माझ्या बापाचं स्वप्न घातलं.

२३ मार्च

आप्पांना फोन केला. ते ऐंशीचे झाले, फोनवर ओरडून बोलतात. सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणतील, जाऊ दे गं, तू चांगल्या मनानं केलंस.

त्यांनी टीव्ही बंद केलेला ऐकू आला.

“सेटल?” म्हणाले. “माझा जन्म कुठला, बाई?”

सेटलमेंट. सोलापूरची सेटलमेंट. इंग्रजांनी आमच्यासारख्या जमाती गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात कोंडल्या, त्या जागेचं नाव. आमच्या घरात हा शब्द रोज होता — आत्या सेटलमेंटची, ते दुकान सेटलमेंटजवळचं. इतका रोजचा की मला तो इंग्रजी आहे हेच कधी जाणवलं नाही. माझी आजी त्या तारेच्या आत हजेरी द्यायची. इंग्रजी मी पुण्यात शिकले, तिथे सेटल होणं म्हणजे नोकरी, फ्लॅट, व्हिसा. दोन्ही शब्द डोक्यात शेजारी राहिले, एकमेकांना न भेटता.

“तुला दुसरा शब्द घावला न्हाई व्हय?” आप्पांनी विचारलं. चिडून नव्हे. खरंच विचारत होते.

५ एप्रिल

रोझानाचा मेसेज. ‘मा तुझ्यावर रागावलेली नाही. मी आहे. येऊ नकोस.’

१४ एप्रिल

त्यांनी लेमीला फ्लॅटमध्ये नेलं. हे मला हाउसिंगकडून कळलं. ट्रेलर रोझानाच्या दिराच्या यार्डात ठेवलाय. घोडा विकला.

मंडळात आज जयंती. गेले नाही.

२६ एप्रिल

बस फ्लॅटच्या रस्त्यावरून जाते, मुद्दाम गेले असं नाही. खरं म्हणजे मुद्दामच. फ्लॅटच्या पार्किंगमध्ये रोझानाची पांढरी व्हॅन आणि पुढच्या सीटवर ब्लँकेट गुंडाळून लेमी. काच खाली, चेहरा वाऱ्याला. फ्लॅटची खिडकीही सताड उघडी, पडदा बाहेर उडतोय. आत कुणी नाही.

ती फ्लॅटमध्ये झोपतच नाही, हे मला तिथे कळलं.

उतरले नाही. रोझाना येऊ नकोस म्हणाली होती.

३ मे

हाउसिंगच्या मुलीचा मला फोन — अजून माझंच नाव त्यांच्याकडे आहे. वरच्या मजल्यावरून तक्रार आलीय. पार्किंगमधल्या वाहनात झोपायला मनाई आहे, नोटीस काचेवर लावावी लागली. “मला वाईट वाटतं हो,” ती म्हणाली. “त्यांना आत काय नडतंय, ते तुम्ही त्यांच्याशी बोलून बघाल का?”

मी म्हटलं, माझं ऐकायचं त्यांनी बंद केलंय. ते बरोबर आहे.

संध्याकाळी पुष्करने विचारलं, काम सोडायचं म्हणतेस का. नवरा म्हणून विचारत होता, काळजीने. मी म्हटलं, राजच्या टेबलावर अशाच आणखी केसेस आहेत. प्रत्येकीत एक म्हातारी आहे, एक शेत आहे, एक फ्लॅट आहे. सगळ्यांचा निकाल मला आजच सांगता येईल. तरी सोमवारी जाणार. याला आशा म्हणत नाहीत. सवय म्हणतात.

१४ मे

रोझानाचा फोन. आवाज कोरडा.

“मा गेली. काल दुपारी, फ्लॅटमध्ये. व्हॅनमध्ये बसू देत नव्हते ना.”

मग म्हणाली, दफनाच्या आदल्या रात्री त्यांच्यात माणसाला आपल्या ट्रेलरमध्ये आणतात आणि सगळे बाहेर शेकोटीपाशी जागतात. तिला शेतावर न्यायचंय. कोर्टाचा हुकूम आहे — एकही ट्रेलर नाही. “कौन्सिलला तू लिही. लिहिता तुलाच येतं. आणि हे बघ — सोपं लिही.”

हुकूम मेलेल्या माणसासाठी वाकत नाही, राज म्हणाला. नाहीच म्हणतील. उत्तरही बहुतेक दफन झाल्यावर येईल. पाठवलं ते एवढंच:

लेमेंटिना ग्रे यांना एका रात्रीसाठी त्यांच्या शेतावर, त्यांच्या ट्रेलरमध्ये ठेवू द्या. सकाळी आम्ही त्यांना घेऊन जाऊ. त्यानंतर त्या तुम्हाला त्रास देणार नाहीत.