वल्दचा रकाना

जमादार,

काल दुपारी माझ्या नावानं कोर्टाची नोटीस आली. दारात मोटरसायकल थांबली, खाकी शर्टातल्या माणसानं माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि कागद पुढं केला. मी आयुष्यभर पोलीस ठाण्यातून लोकांच्या दारात असे कागद पाठवले, पण स्वतःच्या हातात पडल्यावर माझी पाचावर धारण बसली. अक्षरं दिसेनात. बायको आतून म्हणाली, अहो, वाचा तर आधी. वाचलं. नाव माझंच, गावही माझंच, बापाचं नाव मात्र भलत्याच माणसाचं. मी माझ्या बापाचं नाव सांगितलं तसा तो खाकीवाला म्हणाला, "तुमची न्हाई वाटतं काका," आणि कागद घेऊन निघून गेला. दुसरा कुणी असता तर हसून चहा प्याला असता. मी संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं तरी झाली असतील, पण राहून राहून तुमचा आवाज ऐकू येत होता, तुमचा तो एकच शब्द. वल्द?

तुमच्या हाताखाली आलो तेव्हा हा शब्द मला जुनाट वाटायचा. अमका वल्द तमका, म्हणजे अमका तमक्याचा मुलगा. निजाम जाऊन पाव शतक होत आलं होतं आणि तुम्ही अजून प्रत्येक नावापुढं तेच विचारायचात. फिर्यादी येवो, साक्षीदार येवो, नुसता वाट चुकलेला म्हातारा येवो. नाव सांगितलं की तुमची मान वर व्हायची, चष्म्यावरून बघत म्हणायचात, "वल्द?" आणि उत्तर येईपर्यंत टाक दौतीवर तसाच धरून ठेवायचात. पलीकडं शिपाई तुमची नक्कल करायचे. मीही करायचो, जमादार. खोटं कशाला बोलू.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. बहात्तरच्या दुष्काळानंतरचं. तुम्ही मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस रजेवर गेला होता आणि फरारींचं रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. पानं सुटली होती, कडा उंदरांनी खाल्ल्या होत्या. मला सुबक अक्षराचा भारी गर्व. आमच्या सगळ्या भावकीत, बौद्ध वस्तीत, सरकारी नोकरी लागलेला मी पहिला, तीही अक्षराच्या जोरावर. म्हटलं, जमादार येईपर्यंत नवं रजिस्टर करून दाखवू. तीन दिवस खपून रकाने आखले. नाव, गाव, गुन्हा, तारीख, शेरा. वल्दचा रकाना आखला तर शेऱ्याला जागा उरेना, म्हणून तो काढून टाकला. साहेबांनी पान उलटून पाहिलं, म्हणाले, सुटसुटीत झालंय. त्या दिवशी मी घरी गेलो तो छाती फुगवूनच.

आपल्या भागात पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोलतात. नवसाचं लेकरू झालं की त्याला देवाचंच नाव ठेवतात. एकेका गावात त्या नावाचे चार-पाच जण असतात आणि आडनाव गावावरून पडलेलं, तेही एकच. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या वर्गातच त्या नावाचे तिघं होते. पण रजिस्टर लिहिताना मला माणसं दिसत नव्हती, रकाने दिसत होते.

तुम्ही परत येणार त्या दिवशी बाजार होता. खबऱ्यानं सांगितलं की अमक्या नावाचा माणूस बाजारात बसलाय. मी नवं रजिस्टर उघडलं, नाव जुळलं, गाव जुळलं. गुन्ह्याच्या रकान्यात माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, शिपायाच्या डोक्यात कुऱ्हाड घालून फरार. मी चिठ्ठी लिहून दिली आणि दोघं शिपाई धावत गेले. अर्ध्या तासात त्याला बेड्या घालून भर बाजारातून चालवत आणलं. चाळिशीचा, वाळकासा माणूस. गळ्यात शिंप्याची फीत तशीच लोंबत होती. त्याला ती काढायचंही सुचलं नव्हतं.

परभणीहून जीप त्याला न्यायला निघाली होती. स्टेशन डायरीत नोंद करायची म्हणून मी फाइलीतलं मूळ वॉरंट काढलं. त्यावर बापाचं नाव होतं. मी कोठडीच्या गजांशी जाऊन हळूच त्याला बापाचं नाव विचारलं. त्यानं दुसरंच सांगितलं.

जमादार, मी गजांपासून मागं सरलो. मला समोर सगळं दिसलं. साहेब, चौकशी, पट्टा काढून घेतील, आईला काय सांगू, वस्तीतली माणसं काय म्हणतील. त्या शिंप्याचं काय होईल हे सगळ्यात शेवटी मनात आलं, आणि तेही पुरतं येऊ दिलं नाही. मी टेबलाशी येऊन बसलो आणि रजिस्टर मिटलं. वाटलं, जीप येईल, परभणीला कळेल, तिकडचे सोडून देतील, माझं नाव कुठं येणार नाही. मूग गिळून बसलो.

कुऱ्हाड लागलेल्या शिपायाबरोबर भरती झालेला एक जण आपल्याकडं होता. तो गस्तीवरून आला, त्यानं कोण धरलाय ते विचारलं आणि काठी घेऊन कोठडीत शिरला. शिंपी ओरडत होता, "मी न्हाई ओ, मी कापडं शिवतो, इचारा बाजारात." तोंड वाचवायला त्यानं उजवा हात पुढं केला. काठी बोटांवर बसली. आवाज मला टेबलापर्यंत ऐकू आला. मी डायरीत खाली मान घालून बसलो होतो आणि माझ्या टाकातून कागदावर शाई गळत होती.

तुम्ही गंगाखेडच्या एसटीनं उतरून सरळ ठाण्यात आलात. लग्नाची हळद अजून धोतराला होती. कोठडीकडं बघितलंत, त्याच्या गळ्यातली फीत बघितलीत, नाव विचारलंत. त्यानं सांगितलं. "वल्द?" त्यानं सांगितलं. तुम्ही कपाट उघडलंत, जुनं रजिस्टर काढलंत, बोट फिरवत एका ओळीवर थांबलात आणि स्वतः जाऊन कुलूप काढलंत. त्याला पाणी दिलंत. त्याची बोटं सुजून काळीनिळी झाली होती. ती मांडीवर ठेवून तो तुम्हाला म्हणाला, "साहेब, माज्या दुकानात एका नावाचे चार गिऱ्हाईक येत्यात. मी तरी कापडाला बापाच्या नावाची चिठ्ठी टाचतो. तुमी कामून न्हाई टाचत?"

मग मला मागच्या खोलीत नेलंत. मला वाटलं, आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"रकाना तूच काढलास?"

"हो."

"कशापायी?"

"जागा होईना."

"कागदावर जागा होईना म्हणून माणसाचा बाप खोडलास." तुम्ही दार लोटून घेतलंत. "ठाण्यात काठी लागते, बंदूक लागते, खरं हाय. पर त्याच्याआधी कोण कोणाचा हाय हे लिवलेलं लागतंय. न्हाईतर काठी कुणावर बी पडती. आन तुला कळलं कवा?"

"आत्ताच," मी म्हणालो. "तुम्ही विचारलंत तेव्हा."

"भेव वाटायलंय का?"

"लय."

"वाटू दे. जवर वाटायलंय तवर नीट लिवशील."

साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, "रजिस्टर माझ्या ताब्यातलं, चूक माझी." मी दारामागंच उभा होतो. तुमच्या सर्व्हिस बुकात शेरा पडला. फौजदार म्हणून बढतीचा हुकूम यायचा होता तो आलाच नाही, तुम्ही जमादार म्हणूनच घरी गेलात. जाताना तुमचा आखणीचा गोल रूळ मला दिलात, लाकडाचा, मधे बोटांनी झिजलेला. म्हणालात, रकाने आखायचे तर यानं आख, एक बी सोडू नको. मी सोडला नाही. नोकरीत चार ठाणी झाली, लोकांनी मला वल्दसाहेब म्हणून चिडवलं, पण मी विचारत राहिलो. शिंप्याच्या दुकानावरून मात्र पुन्हा कधी गेलो नाही. पालमला जायची एसटी तिथून वळायची, तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसायचो. एकदा चुकून नजर गेली, तर मशीनवर त्याची बायको बसली होती.

तुम्हाला वाटलं, पोरगं अजाणतेपणी चुकलं. म्हणून अंगावर घेतलंत. मला तुम्ही यायच्या तासभर आधी कळलं होतं, जमादार. त्याची बोटं त्या तासात गेली.

हे सगळं लिहून झालं आणि सवयीनं मी पाकीट घेतलं. तुमच्या रुळानं रेघ आखली, तुमचं नाव लिहिलं, पुढं वल्द लिहिलं आणि टाक तसाच धरून बसलो. चार वर्षं तुमच्या हाताखाली होतो, चोराचिलटांच्या बापांची नावं मला पाठ होती. तुमच्या वडिलांचं नाव मी कधी विचारलंच नाही.