कारणाचा रकाना

सेक्टर १०, भिलाई
रविवार, २३ मार्च २०२५

चि. हर्षल यास,
अनेक आशीर्वाद.

पत्राच्या आरंभी प्रकृतीचे कुशल लिहिण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. या वेळी ते मागाहून येईल. आधी तुझ्या मजकुरातील चुका.

तू प्रेमलाआत्याला पाठवलेला मजकूर तिने मला गोंदियाहून फोनवर वाचून दाखवला. त्यात तू लिहितोस, “समृद्धीने रोव्हरचा व्हिडिओ पाठवायचे विसरली. तिच्या आळसापायी साऱ्या टीमची संधी गेली. आता हे खेळ बंद.” ‘समृद्धीने विसरली’ असे मराठीत होत नाही. मात्र कर्ता केवळ व्याकरणापुरता चुकला असता, तर मी कागद खर्ची घातला नसता.

‘खेळ’ हा शब्दही मागे घ्यावास. आपल्या क्वार्टरमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याकडे राहून शिकणारी तुझी मुलगी, तिचे मित्र भूपेंद्र आणि नीतू यांनी जुलैपासून सहा चाकांचे यंत्र उभे केले. भुसभुशीत मातीचा चढ चढून ते आपल्या यांत्रिक हाताने दगड उचलत असे. या मुलांच्या विद्यापीठात यंत्रांची चित्रे काढून गुण मिळतात. येथे मुलांची नखे वंगणाने काळी झाली होती. स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी केवळ त्या चढाचा व्हिडिओ पाठवायचा होता. निवड झाली असती, तर बंगळुरूजवळच्या मैदानावर त्यांना आपले यंत्र चालवता आले असते.

पहिल्याच दिवशी मी त्यांना कारखान्याचा नियम घालून दिला होता. यंत्रावर काम करणाऱ्याने मुख्य स्विचला आपल्या सहीचा लाल टॅग लावावा, त्यावर कारण लिहावे, आणि ज्याने लावला त्यानेच तो काढावा. भूपेंद्रला हे शिकवावे लागले नाही. तो माझ्या कारखान्यातल्या पुंडलिकचा नातू. रेल मिलमध्ये कोणी घाईने दुसऱ्याचा टॅग काढला आणि पुंडलिकचा उजवा हात रोलरमध्ये गेला, हे तुलाही ठाऊक आहे. त्या घरात मुले बोलू लागण्याआधी टॅग ओळखतात.

जानेवारीत रोव्हरच्या स्विचला टॅग लागला. त्यावर सही होती, कारणाचा रकाना कोरा होता. सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय घडले, ते मला स्मरत नाही. भूपेंद्रने सांगितले तसे लिहितो. तो विचारायला आला, “आजोबा, हा टॅग कावून लावला?”

मी म्हणालो, “मी लावलेला नाही.”

“सही तं तुमचीच हाय.”

“माझी सही मला तू दाखवणार?”

मुलांनी यंत्र वरवर तपासले; दोष दिसला नाही. नीतू म्हणाली, “काट दो ना यार, धागा ही तो है.” त्यावर भूपेंद्रने कात्री तिच्यासमोर ठेवली. “तू काप. पण आधी माह्या घरी चाल, माह्या आज्याच्या हातानं चहा पिऊन ये.” मग कोणीच कापला नाही. समृद्धी माझ्याकडे पुनःपुन्हा येत राहिली आणि प्रत्येक वेळी मी तिच्यावर ओरडलो, असे ऐकतो. मुदत टळली.

पुढल्या रविवारी माझ्या कोटाच्या खिशात रबरी नळीचा तुकडा सापडला. तो हातात घेतला आणि सारे आठवले. चाकाजवळच्या पट्टीवर घासून बॅटरीची केबल आतून उघडी पडली होती. तसेच यंत्र चालवले असते, तर बॅटरीने पेट घेतला असता आणि चढावर तिघेही यंत्राला खेटून उभे असतात. टॅग योग्य होता. तो लावून, कोणाला काही न सांगता, मी केबलवर चढवायची नळी आणायला पावर हाउसच्या बाजारात गेलो. नळी घेतली. घरी परतण्याऐवजी रायपूरच्या बसमध्ये बसलो.

“बाबा कुम्हारीला जुन्या मित्राकडे गेले होते,” असे तू त्याच मजकुरात लिहिले आहेस. हे तुला समृद्धीने सांगितले. कुम्हारीत माझा कोणीही मित्र नाही. रायपूरच्या वाटेवर तेथे उतरून एका चहाच्या टपरीवर मी बसलो होतो आणि टपरीवाल्याला माझे घर कोठे, ते सांगू शकत नव्हतो. त्याने माझ्या मोबाईलवरून शेवटचा नंबर लावला. भूपेंद्र मोटारसायकलवर आला व मला मागे बसवून, आपल्या मफलरने स्वतःच्या कमरेशी बांधून घेऊन आला.

त्या रात्री समृद्धी म्हणाली, “आजोबा, बाबाले काही सांगू नका. ते तुमाले पुण्याले घेऊन जातीन.” मी तेव्हाही तिला “‘बाबांना’ म्हण” असे म्हटल्याचे ती सांगते. आळसाचा आरोप तिने यासाठीच मुकाट्याने घेतला. तुझ्या आईच्या पश्चात मी हे घर सोडणार नाही, असे मी तुला दोनदा बजावले होते. त्या हट्टाला ती जपत होती.

आता खरे काम. छोटा उपग्रह स्वतःच्या हातांनी जुळवायच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी समृद्धीची निवड झाली आहे. तुला ठाऊक नाही, कारण ती नकार कळवणार आहे. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाली, “इच्छा नाही.” त्यानंतर ती उठली आणि बाहेरच्या दाराला आतून कुलूप घालून किल्ली ओढणीच्या टोकाला बांधली. हे ती रोज करते. मी विचारत नाही.

शेडमध्ये रोव्हर तसाच उभा आहे. केबल बदललेली आहे, टॅग मात्र कालपर्यंत तसाच होता. मुले माझी वाट पाहत होती. तो मी आज सकाळी माझ्या हाताने काढला, आणि राहिलेला रकाना भरून या पत्रासोबत ठेवला आहे. त्यावर एवढेच लिहिले आहे : ‘काम करणारा आता भरवशाचा राहिलेला नाही.’

मला न्यायला ये. तिने नकार कळवण्यापूर्वी ये. दारात मी कदाचित नाही म्हणेन, रागावेनही. त्या वेळी हे पत्र मला वाचून दाखव. अक्षर मी ओळखेन, अशी आशा आहे.

तुझा,
बाबा

ता. क. तारखा पुढीलप्रमाणे दुरुस्त करून घ्याव्यात.

व्हिडिओची मुदत : १४ जानेवारी. तू १२ लिहिली आहेस.

टॅग लावला : ११ जानेवारी.

कुम्हारी : त्याच दिवशी.

कुम्हारी, पुन्हा : २ मार्च. हे तुला कोणीही सांगितलेले नाही.

समृद्धीने होकार कळवण्याची शेवटची तारीख : ५ एप्रिल.

तिचे प्रशिक्षण सुरू : १२ मे.

तुझी आई गेली : ३ सप्टेंबर २०१९. ही तारीख मी समृद्धीला विचारून लिहिली आहे.