शेवट गोड आहे ना?

३ जून, सकाळ
ठरलं. पुस्तक लिहायचं. विषय: मी वाचलेल्या आणि मनापासून आवडलेल्या कादंबऱ्या. जुन्या नव्हेत, अलीकडच्या. जुन्यांवर प्राध्यापक मंडळी तुटून पडलेली आहेतच. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं विकली, आता दुकानात एक आपलं असायला काय हरकत आहे? रोज एक कादंबरी, रोज चार पानं. वर्षअखेरीला प्रकाशन.
लेकीचा फोन. तिची आई गेल्यापासून एकच पालुपद: बाबा, एकटे राहू नका, दुकान बंद करा, माझ्याकडे या. म्हटलं, मला वेळ कुठाय? आणि मी पूर्ण सावरलोय. सकाळी चहा अजून दोन कप होतो, तेवढंच. ती नुसती सवय. दुसरा कप गार झाला की मीच पितो.

५ जून
श्रीगणेशा केला. पहिली कादंबरी: निळी. (गिऱ्हाईक नाव कधी सांगत नाही, 'ती निळी द्या' म्हणतं. आता मीही तसंच म्हणतो.) दोन बहिणी, घराच्या वाटणीवरून अबोला. म्हाताऱ्या होईपर्यंत एकमेकींचं तोंड बघत नाहीत. शेवटी धाकटी थोरलीचं दार वाजवते. थोरली दार उघडून एवढंच म्हणते, "किल्ली विसरलीस वाटतं?" आणि आत घेते. काय शेवट आहे! वाचताना माझे डोळे भरून आले होते. स्पष्ट आठवतंय, मी मटार सोलत होतो.
मटार सोलता सोलता वाचत कसा होतो, ते आठवत नाही. पक्कं लिहिताना मटार गाळावेत.

७ जून
दुसरी: जहाजावर गेलेल्या मुलाची. बोट बुडाल्याची बातमी येते, सगळे आशा सोडतात, आई सोडत नाही. शेवटच्या पानावर मुलगा दारात उभा, दाढी वाढलेली. आई आधी त्याला चिखलाच्या बुटांवरून झापते आणि मग रडते. ही मी वाचली तेव्हा दुकानाच्या शेल्फांना रंग देत होतो. कोपरापर्यंत हात पांढरे.
एकूण माझं वाचन फार धावपळीत झालेलं दिसतंय. प्रस्तावनेत एक वाक्य टाकावं: 'कामाच्या रगाड्यातही मी वाचत राहिलो.'
दुपारी समोरच्या शिलाईवाल्या बाई आल्या. त्यांचा मुलगा भांडून घराबाहेर पडला तो परत आलाच नाही, फोनही नाही. काही तरी चांगलं वाचायला द्या म्हणाल्या. म्हटलं, मग हीच घ्या. मुलगा शेवटी येतो, अगदी बिनधास्त वाचा. पुस्तक छातीशी धरून गेल्या. आपल्या धंद्यातलं सुख ते हेच.

१० जून
लेखन नाही. कारण: खुर्ची. गल्ल्यामागे हिची खुर्ची आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ही तिथे पाय वर घेऊन वाचत बसायची. खुर्ची येता-जाता मध्ये येते, म्हणून सकाळी मागच्या खोलीत नेली. मग फरशीवर चार पायांचे डाग दिसायला लागले. बरं दिसेना. दुपारी परत आणून ठेवली. कंबर धरली. उद्यापासून जोमाने.

१३ जून
आज विचित्र प्रकार झाला. शिलाईवाल्या बाई पुस्तक घेऊन परत आल्या. मला वाटलं आभार मानायला. गल्ल्यावर पुस्तक ठेवलं आणि म्हणाल्या, "तो येत नाही हो."
म्हटलं, कोण?
"मुलगा. तुम्ही म्हणाला होतात येतो."
म्हटलं, येतो ना, अगदी शेवटच्या पानावर. त्या म्हणाल्या, शेवटच्या पानावर आई त्याचे कपडे वाटून टाकते. चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर परवडलं असतं. गळ्यात टेप तशीच होती, तिची टोकं हातात घेऊन उगाच ताणत राहिल्या.
मी त्यांना सांगितलं, शेवटची पानं गळालेली आहेत, बाइंडिंगची चूक. होतं असं. दुसरी प्रत देतो.

१४ जून
दुसरी प्रत तशीच. तिसरीही. प्रकाशकाला फोन लावला. म्हटलं, तुमच्या अख्ख्या आवृत्तीत शेवट गायब आहे, लोकांच्या भावनांशी खेळ चाललाय. तिथला माणूस म्हणाला, सर, शेवट तोच आहे, त्यालाच तर बक्षीस मिळालं. म्हटलं, मी स्वतः वाचलंय, तो येतो, बुटांना चिखल असतो. तो म्हणाला, सर, चिखल कुठेच नाहीये. वर हसला. या धंद्यात आता वाचणारी माणसं राहिली नाहीत.

१५ जून
खात्री करायची म्हणून निळी काढली. फक्त शेवट बघितला. धाकटी दार वाजवते. थोरली आत आहे, दिवा लागलेला आहे. दार उघडत नाही. संपलं.
मग खेड्यातल्या डॉक्टरची काढली. मग आंधळ्या वादकाची. मग ती पिवळी. गिऱ्हाईक आलं, त्याला नंतर या म्हणालो. एकीचाही शेवट माझ्या आठवणीतला नाही. डॉक्टर गाव सोडून जातो. वादकाचे डोळे बरे होत नाहीत. पिवळीत तर कोणी उरतच नाही.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यातली एकही मी वाचलेली नाही. दुपारी ही वाचायची आणि संध्याकाळी मला सांगायची. मी मटार सोलायचो, रंग द्यायचो, पार्सलं बांधायचो आणि ऐकायचो.
आणि हिनं मला सगळे शेवट खोटे सांगितले.

१६ जून
संताप. सरळ सरळ फसवणूक आहे ही. वर मी तेच शेवट छातीठोकपणे गिऱ्हाइकांना सांगत बसलो. किती लोक मनातल्या मनात हसले असतील! निषेध म्हणून आज हिच्या फोटोशी बोलायचं नाही असं ठरवलं. (एरवीही मी फार बोलत नाही. दुकानातलं काय ते सांगतो, इतकंच.)
सायंकाळ. एकदाच बोललो. कुलपाची किल्ली सापडत नव्हती म्हणून.

१९ जून, रविवार
लेक आली. आल्या आल्या फ्रिज उघडून बघितला. मी तिला हिचं प्रकरण सांगितलं. वाटलं, हसेल. ती ओट्याला टेकून उभी राहिली.
म्हणाली, मला माहीत होतं. मी एकदा आईला टोकलंही होतं, बाबांना असं का सांगतेस म्हणून. तर आई म्हणाली, "अगं, ते 'पुढे काय झालं' असं कधी विचारतच नाहीत. 'शेवट गोड आहे ना?' असंच विचारतात. मग मी दुसरं काय सांगू?"
मी म्हटलं, हे काही बरोबर नाही, मी काय लहान मूल आहे का?
यावर लेकीनं ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाली, "बाबा, रिपोर्टचंही तसंच झालं."
कुठला रिपोर्ट? तर पहिलाच. मला हिनं सांगितलं होतं, गाठ साधी आहे, औषधानं विरघळेल. डॉक्टरांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. त्यांनी जे म्हटलं ते या दोघींना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.
मला का नाही सांगितलंत, असं मी ओरडलो. लेक म्हणाली, आईचं एकच म्हणणं होतं, बाबांनी नीट विचारलं तर सगळं खरं सांगायचं. "तुम्ही रोज दवाखान्यात यायचात आणि दारातूनच म्हणायचात, 'आज बरं आहे ना?'"
लेक रडली. मी तिला पाणी दिलं. मी ठीक होतो.

२० जून
दुकान उघडलं नाही.
शेवटच्या दिवशी सकाळी ही मला म्हणाली होती, इथे बसून काय करता, दुकान उघडा जा, संध्याकाळी मला सोडणार आहेत. येताना माझ्या बाहेरच्या चपला आणा, या दवाखान्यातल्या नकोत. मी गेलो. दिवसभर धंदा चांगला झाला. संध्याकाळी चपला पुसून, पिशवीत घालून नेल्या.
खोलीत लेक होती. पलंग रिकामा.
मी चपलांची पिशवी लेकीच्या हातात दिली होती. का दिली, कोण जाणे.

२२ जून
पुस्तकाचा बेत रद्द. विषयच उरला नाही.
शिलाईवाल्या बाईंकडे गेलो. म्हटलं, चूक बाइंडिंगची नव्हती, माझी होती. मी ती वाचलेलीच नव्हती. इतकं बोलायला मला रस्त्यापलीकडून तीनदा परत फिरावं लागलं. बाईंनी मशीन थांबवलं. म्हणाल्या, येतो असं धरून मी सगळं पुस्तक वाचलं, तेवढे दिवस बरे गेले. मग म्हणाल्या, दुसरं एखादं द्या, पण या वेळी आधी तुम्ही वाचा.

२५ जून
वाचायला घेतली. नवी कोरी, हिनंही न बघितलेली. स्वतः, पहिल्या पानापासून, हातात दुसरं काहीही न घेता. एका शाळेतल्या गाणं शिकवणाऱ्या बाई आहेत. नवरा विसरभोळा. छान चाललंय. ही सांगायची तेव्हा माणसांना चेहरे असायचे, मला अजून तितके दिसत नाहीत. सवयीनं दिसतील.

२८ जून, दुपार
बाई आजारी पडल्या. पान उलटवेना. चहा केला. पान तेच. दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पुन्हा वर केलं. शेवटी लेकीला फोन लावला.
म्हटलं, ती गाणाऱ्या बाईंची नवी कादंबरी वाचलीस का? म्हणाली, हो, का? म्हटलं, काही नाही, मी निम्म्यावर आहे. बाई आजारी आहेत.
मागे तिच्या ऑफिसातले फोन वाजत होते. मी विचारलं, "वाचतात ना गं त्या?"
"वाचतात, बाबा," लेक म्हणाली. "बऱ्या होऊन घरी येतात."
कादंबरी २४ तारखेलाच प्रेसमधून आली आहे. पहिला गठ्ठा माझ्याकडेच आला, सोडलाही मीच. अजून एकही प्रत बाहेर गेलेली नाही.
पुस्तक मिटलं. फार बरं वाटलं.